इंजिनावर नाव कुणाचे?

गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

साच्यावरून तागा उतरला की त्यावर गिरणीचा छाप बसायचा. गिरणीचे नाव, मालाचा नंबर, वाराचे माप. ज्याने पाळीभर उभे राहून तुटलेले धागे सांधले त्याचे नाव त्या ताग्यावर कधी आले नाही. कापड बाजारात गेले ते मालकाच्या नावाने, आणि विणणारा घरी गेला तो हजेरीच्या नंबराने. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

असाच छाप आगगाडीवरही बसतो. गाडीला नाव असते, इंजिनाला नाव असते, आणि ते नाव कुणीतरी ठरवलेले असते. कुणी ठरवले, कुणाचे ठरवले आणि यापुढे कुणी ठरवायचे, एवढीच गोष्ट या पानांत सांगायची आहे.

कुणी म्हणेल, ‘अहो, नावात काय ठेवलंय? गाडी वेळेवर येऊ द्या, पाठ टेकायला जागा मिळू द्या, मग तिला धोंडू म्हणा नाहीतर कोंडू म्हणा!’ हे बोलणे खोटे नाही. जागेचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याकडे आपण येणारच आहोत. पण नावात काहीच नसते, तर साहेबाने ते पितळेत ओतून इंजिनावर कशाला ठोकले असते?

पहिल्यापासून बघू. १८५२ मध्ये मुंबईत पहिले इंजिन आले ते रूळ घालण्याच्या कामासाठी. त्याचे नाव ‘लॉर्ड फॉकलंड’. हा फॉकलंड म्हणजे त्या वेळचा मुंबईचा गव्हर्नर. पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. ओढायला तीन इंजिने. त्यांची नावे सांगतात ती अशी: साहिब, सिंध आणि सुलतान! साहिब म्हणजे हुकूम करणारा, सुलतान म्हणजे राज्य करणारा, आणि सिंध म्हणजे दहाच वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, इंग्रजांनी तलवारीने घेतलेला मुलूख. तीन इंजिने, आणि तिन्हींवर राज्यकर्त्याचाच छाप!

त्या गाडीत नाना शंकरशेट बसले होते. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून ज्यांनी खटपट केली त्यांत नाना आणि जमशेटजी जीजीभाई पुढे होते. नानांना गाडीत बसायला जागा मिळाली. इंजिनावर नावाला जागा मिळाली नाही. नाना तर शेटजी होते, मुंबईतले वजनदार गृहस्थ. त्यांची ही कथा, मग घमेले डोक्यावर घेणाऱ्याला कोण विचारतो?

त्या घमेलेवाल्याचीही कथा ऐका. ठाण्याच्या पुढे गाडी न्यायची तर सह्याद्री आडवा. १८५६ ते १८६३ या सात वर्षांत बोरघाट फोडला. बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले. काम ऐन भरात होते तेव्हा ४०,००० हून अधिक माणसे डोंगराला भिडली होती. सुरुंग, दरडी, पटकी आणि ताप यांनी किती गेली? इतिहासकारांचा अंदाज आहे सुमारे २४,०००. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मेला. मग त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुढे चालवून काम पुरे करवून घेतले. ती बाई हिंमतीची खरी, आणि तिचे नाव इतिहासाने ठेवले ते रास्तच केले. पण त्या चोवीस हजारांतले एक तरी नाव तुम्ही ऐकले आहे काय? आजही पुण्याची गाडी घाट चढते ती त्यांच्या खांद्यावरून चढते. त्यांच्या नावाचे इंजिन त्या घाटात कधी शिट्टी फुंकत गेले नाही.

आता यातली गंमत बघा. साहेब नाव देतो, पण लोक ते घेतातच असे नाही. ‘रेल्वे ट्रेन’ हा शब्द विलायतेहून आला. आमच्या आयाबायांनी त्याचे काय केले? आग खाते, गाडी ओढते, म्हणून ‘आगीनगाडी’. पोरांनी कान देऊन ऐकले आणि म्हणाली ‘झुकझुकगाडी’. या नावांसाठी कुठे कमिटी बसली नाही, सरकारी हुकूम निघाला नाही. ती आपल्या भाषेच्या पोटातून आली आणि टिकली.

याहून चांगला दाखला घाटातल्या इंजिनाचा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली. मग १९२८ पासून घाटात मालगाड्या ओढण्यासाठी विजेची अजस्र इंजिने आली. त्यांतल्या एकावर पाटी लागली ‘सर लेस्ली विल्सन’. पुढे डाकगाड्या ओढणाऱ्या एका इंजिनावर पाटी लागली ‘सर रॉजर लमले’. दोघेही मुंबईचे गव्हर्नर. म्हणजे फॉकलंडपासून लमलेपर्यंत साहेबाची खोड एकच: इंजिन दिसले की गव्हर्नर चिकटवायचा!

पण ते घाटातले इंजिन उभे राहिले की कण्हल्यासारखा आवाज करायचे आणि चालताना त्याचे लोखंडी सांधे विचित्र सरसरायचे. रेल्वेच्या कामगारांनी ते ऐकले, पाहिले आणि नाव ठेवले ‘खेकडा’! झाले. पाटीवर सर लेस्ली विल्सन, आणि शेडमध्ये खेकडा. आज ती पाटीवाली दोन्ही इंजिने दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभी आहेत. विल्सनसाहेब कोण हे तिथे वाचावे लागते. खेकडा मात्र जुन्या रेल्वेवाल्याला विचारा, तो लगेच हसेल आणि हातवारे करून दाखवील. ज्याचा हात यंत्राला लागतो त्याने दिलेले नाव यंत्राला चिकटते.

आता त्या जागेच्या प्रश्नाकडे येऊ.

१ जून १९३० रोजी मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. लोकांनी तिला ‘दख्खनची राणी’ केले, आणि नाव कसे शोभून दिसते! पण दख्खनच्या या राणीच्या दारात दख्खनचा गरीब माणूस उभा राहू शकत नव्हता. तिला तिसरा वर्गच नव्हता. जून १९५५ मध्ये तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले. हिशेब करा, पंचवीस वर्षे झाली! मावळातला, साताऱ्याकडचा माणूस परळ-लालबागच्या गिरण्यांत राबत होता, त्याच्याच मुलखाचे नाव मिरवीत ती गाडी त्याच्या डोळ्यांदेखत निघून जात होती, आणि आत पाय ठेवायची त्याला सोय नव्हती. नाव आपले, जागा परक्याची! नावाची फसवणूक म्हणतात ती ही.

दुसरा दाखला. १९७४ मध्ये रेल्वेने ‘थर्ड क्लास’ हे नावच काढून टाकले. वा, गरिबी हटली! काल जो थर्ड क्लास होता तो आज सेकंड क्लास झाला. पण बूड टेकायला फळकुटे तीच. ई. डी. ससूनच्या गिरण्या जाऊन इंडिया युनायटेड झाल्या, तेव्हा फाटकावरची पाटी बदलली. भोंगा आणि साचे तेच राहिले. हे तुम्ही जाणताच.

खरा फरक पडला तो १९७७ मध्ये. आपल्या कोकणातून निवडून गेलेले प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळकुटांवर दोन इंच फोम घालण्याचे मनावर घेतले. आणि २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा अशी एक गाडी सोडली, जिला वरचा वर्गच ठेवला नाही. तिचे नाव ‘गीतांजली’. बंगालच्या कवीचे पुस्तक, मराठी मंत्री, आणि गाडीत सगळे एका पायरीवर! दंडवते दुसऱ्या भाषेतले नाव घ्यायला लाजले नाहीत, आणि नाव देऊन थांबले नाहीत. नाव आणि जागा एकत्र आली ती अशी. आम्ही मागतो आहोत ते हेच.

स्वराज्य आल्यावर नावे बदलली, हे मान्य केले पाहिजे. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० मध्ये पहिले वाफेचे इंजिन बाहेर पडले, त्याचे नाव ‘देशबंधू’. त्याच कारखान्यातून देशात बनलेले पहिले विजेचे इंजिन निघाले, १४ ऑक्टोबर १९६१ रोजी. त्याचे नाव काय असावे? ‘लोकमान्य’! महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पुरते दीड वर्षही झाले नव्हते. मुंबईच्या बाजूला चालणाऱ्या विजेवरचे हे इंजिन. फॉकलंड, विल्सन आणि लमले यांच्या वाटेवर आता टिळक आले.

गिरणी कामगारांनो, हे नाव फुकट आलेले नाही. त्याची किंमत तुमच्या आज्यापणज्यांनी मोजली आहे. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. वर्षाला एक दिवस! त्यांच्यावर लष्कराने गोळ्या झाडल्या. इंजिनावर लोकमान्यांचे नाव लागले, त्याच्या मागे त्या सहा दिवसांचे बळ आहे. पण पाटीवर एकच नाव मावते, पुढाऱ्याचे. ज्यांनी भोंगा वाजला तरी फाटकात पाय ठेवला नाही, ते पुन्हा निनावीच राहिले.

आता आपल्या राज्यातल्या गाड्यांची नावे मोजा. कोयना, इंद्रायणी, पंचवटी, सिंहगड, देवगिरी, महालक्ष्मी, विदर्भ. नदी आली, गड आला, देवी आली, मुलूख आला. सुरेख नावे आहेत, ऐकताना छाती भरून येते. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस तर चालता-बोलता नकाशाच आहे. मिरज, सातारा, पुणे, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर. तेराशे किलोमीटरहून अधिक वाट, पण राज्याची शीव ओलांडायची नाही. संयुक्त महाराष्ट्र म्हणजे काय हे कुणाला डोळ्यांनी बघायचे असेल तर त्याने या गाडीचे तिकीट काढावे.

दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीला २०१७ मध्ये ‘तुतारी’ हे नाव दिले, केशवसुतांच्या कवितेवरून. कवितेचे नाव गाडीला देणारी भाषा भिकारी नाही, हे तेव्हा दिसले. आणि पुणे-सोलापूर गाडीचे नाव ‘हुतात्मा’. सोलापूर म्हणजे तुमच्यासारख्याच गिरणी कामगारांचे गाव. १९३० मध्ये ते गाव उठले, इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावे पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. एक तरी एका जातीची, एका धर्माची आहेत काय? भाषिक राज्य म्हणजे एका जातीचे राज्य असे म्हणणाऱ्यांना या गाडीत बसवून सोलापूरला पाठवावे.

मग मुंबईचे काय? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झेलणारे कोण होते? जानेवारी १९५६ मध्ये परळ-लालबाग-गिरगावात पडले ते कोण? १०६ हुतात्म्यांत गिरणगावाचा वाटा केवढा हे सांगायला नको. त्यांना चौक मिळाला, स्मारक मिळाले. पण ज्या गिरणगावातून ते आले ते गिरणगावच आज जागेवर आहे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर एकेक धुराडे थंड झाले. फिनिक्स मिलचा मॉल झाला. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर चढले. आणि बिल्डरांनी काय करावे? लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणायला सुरुवात केली! फ्लॅटचा भाव चढावा म्हणून परळच खोडून टाकले. आता सांगा, नावात काही नाही काय? ज्याला जमीन विकायची आहे त्याने आधी नाव बदलले. तो नावाची किंमत आपल्यापेक्षा चांगली ओळखतो.

कोकणातल्या माणसाची तऱ्हा तर और. पिढ्यान् पिढ्या तो बोटीने आणि एस.टी.ने मुंबईस आला, गिरणीत राबला, गणपतीला आणि शिमग्याला धक्के खात गावी गेला. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली २६ जानेवारी १९९८ रोजी. तोवर गिरणीचे भोंगे गप्प होत आले होते. ज्याच्यासाठी गाडी हवी होती त्याची नोकरी गेली, आणि मग गाडी आली! तिचे नाव ‘कोकणकन्या’. गोड नाव आहे. पण ज्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर कोकणातल्या चुली पेटल्या, त्याच्या नावाची गाडी त्या वाटेवर नको काय?

एल्फिन्स्टन रोड स्टेशनचीही आठवण ठेवा. एल्फिन्स्टन हाही गव्हर्नरच. जुलै २०१८ मध्ये ते नाव गेले आणि प्रभादेवी आले. चांगले झाले. पण त्याआधी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, त्याच स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ माणसे मेली होती. गिरण्या गेल्या, त्या जागी कचेऱ्या आल्या, माणसे कितीतरी पटींनी वाढली, पण पूल तेवढाच राहिला. गव्हर्नराची पाटी उतरवणे हे अर्धे काम. पूल रुंद करणे हे उरलेले अर्धे, आणि तेच आधी व्हायला हवे होते.

अलीकडे आणखी एक रीत पडली आहे. २०१९ पासून ‘वंदे भारत’ गाड्या निघाल्या. मुंबईहून सोलापूरला जा, शिर्डीला जा की गोव्याला जा, नाव एकच. गाडी देखणी आहे, वेगवान आहे, देशाला वंदन करणाऱ्या नावाला आमचा नमस्कारच आहे. पण दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. एक, गाडी ज्या मुलखातून धावते त्या मुलखाचे, त्या भाषेचे नाव तिच्यावर का नसावे? आणि दुसरी, या गाडीला जनरल डबा नाही. भारतमातेला वंदन करणाऱ्या गाडीत भारतमातेच्या मोलमजुरी करणाऱ्या लेकराने बसायचे कुठे? दख्खनच्या राणीची गोष्ट पुन्हा घडते आहे.

कुणी असे समजू नये की आम्हाला दुसऱ्यांची नावे खपत नाहीत. बेळगावावरून राणी चन्नम्मा एक्सप्रेस धावते. सीमाभागाचा आमचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो आम्ही सोडलेला नाही. पण कित्तूरच्या या राणीने १८२४ मध्ये इंग्रजांवर तलवार उपसली. तिचे नाव गाडीवर दिसले की मराठी माणसाने हात जोडावेत. भांडण आहे ते बेळगावच्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत फलक आणि फॉर्म मिळावेत याचे. कानडी वीरांगनेशी आमचे भांडण कधीच नव्हते.

तेव्हा मागणे स्वच्छ आहे. स्टेशनचे नाव बदलायचे तर राज्याने ठराव करावा आणि केंद्राच्या गृहखात्याची संमती घ्यावी, अशी रीत आहे. गाडीचे नाव रेल्वे मंत्रालय ठरवते. त्यांनी ठरवावे, पण लोकांना विचारून ठरवावे.

पहिले मागणे: मुंबईहून कोकणात जाणाऱ्या एका गाडीला ‘गिरणगाव एक्सप्रेस’ नाव द्या. बिल्डरांनी नकाशावरून पुसलेले नाव फलाटावर रोज पुकारले जाऊ द्या. दुसरे: बोरघाट चढणाऱ्या एका इंजिनावर ‘बाबू गेनू’ अशी पाटी लावा. आंबेगाव तालुक्यातला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली गेला. ज्याने गाडी अडवायला देह दिला, त्याचे नाव गाडी ओढणाऱ्यावर शोभेल. तिसरे: लोकांचे नाव ज्या गाडीवर, त्या गाडीला लोकांचे डबे. पुरेसे जनरल डबे नसतील तर कामगाराचे नाव वापरू नका; आम्हाला ती शोभा नको. चौथे: जिवंत माणसाचे नाव गाडीला कधीही नको, मग तो मंत्री असो की आमचाच पुढारी. आणि पाचवे: नाव पाटीवर मराठीत शुद्ध लिहा आणि फलाटावर शुद्ध पुकारा.

बंधूंनो, भगिनींनो, हे काम दिल्लीत सुरू होणार नाही. ते तुमच्या चाळीच्या चौकात, मंडळाच्या बैठकीत, गावच्या मुंबई मंडळात सुरू होईल. बैठक बोलवा, या पाच मागण्यांचा ठराव करा, खाली सह्या घ्या, आणि तो आपल्या खासदाराच्या हातात द्या. सही करताना आपले पुरते नाव लिहा. बापाचे नाव लिहा, गाव लिहा, आणि ज्या गिरणीत, ज्या खात्यात काम केले तिचेही नाव लिहा. ताग्यावर ते कधी आले नाही. निदान या कागदावर तरी येऊ द्या.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!